गिटारीतला कापूस

अहो, तुमची गिटार परवा धुळ्यात स्टेजवर वाजली. तुम्हाला न विचारता मी ती दिली. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे, पण आज आधी माझं ऐकून घ्या. एरवी मी बोलायला लागले की तुम्ही मान खाली घालून तारा जुळवायला घ्यायचात, आणि तारा जुळेपर्यंत माझा राग निम्मा उतरलेला असायचा. ती युक्ती आता चालायची नाही.

शोकसभेत तुमच्या कापसाच्या जिनिंगमधले लोक बोलले. मनमिळाऊ, सचोटीचे, कामाला वाघ. मी पदर तोंडाशी धरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, खरं ते एकही बोलत नाही. ह्यांच्यासारखा हट्टी माणूस उभ्या खानदेशात झाला नाही, असं कुणी तरी म्हणायला हवं होतं. दिसायला गरीब गाय, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. माझा सगळा संसार तुमचं एक 'नाही' बदलण्यात गेला. बदललं नाहीत, आणि तसेच निघून गेलात.

कसे गेलात ते इथे लिहीत नाही. मला ते पुन्हा आठवायचं नाही. त्यापेक्षा ती गिटार घरात आली तो दिवस आठवते, कारण त्या दिवशी मी तुमच्यावर पहिल्यांदा मनापासून ओरडले होते.

लग्नानंतरचा आपला पहिला उन्हाळा. भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि जळगावचं ऊन. भिंतीला पाठ टेकली तर चटका बसायचा. भुसावळला रेल्वेत पडून राहिलेल्या बेवारस मालाचा लिलाव आहे, त्यात टेबलफॅन असतात, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. मी तुम्हाला सकाळच्याच गाडीने पिटाळलं. संध्याकाळी आलात ते काखेत लांबलचक काळी पेटी घेऊन. मला वाटलं, उभा पंखा असेल, सुटा करून भरून दिला असेल. हौसेने शेजारच्या दोघींना हाक मारली. बघायला या म्हटलं, आमचा पंखा आला. आणि मग तुम्ही पेटी उघडलीत.

आत गिटार. विटकरी रंगाची, कडेला थोडे टवके उडालेली. डोक्यावर कंपनीच्या नावाची पट्टी होती ती पडून गेलेली, तिच्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. पोटावर दोन्ही बाजूंना वेलांटीसारख्या लांब फटी. शेजारीण वाकून बघत म्हणाली, "अगं, हे तर फुटकं दिलं यांना!"

"फुटकी नाही. ती अशीच असते," तुम्ही म्हणालात.

"आणि पंखा?" मी विचारलं.

"पंखे संपले होते."

पंखे संपले नव्हते. भरपूर होते. हे पुढे कधीतरी पाहुण्यांसमोर तुमच्याच तोंडून निसटलं, आणि मी भर पंगतीत पोळी वाढायची थांबले. तुमचं स्पष्टीकरण काय, तर पंखे कुणीही घेतले असते, हिच्यावर कुणी बोलीच लावत नव्हतं. नाव नाही म्हणून जाणकारांनी सोडली आणि भोकं आहेत म्हणून अडाण्यांनी. मी एकटाच मधला होतो, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते सांगताना तुमचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा व्हायचा.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही ती मांडीवर आडवी ठेवून समजावलं होतंत. पोटात मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पोकळी. विजेवरची गिटार, पण विजेवाचून अगदीच मुकी होत नाही. ऑर्केस्ट्रातल्या मुलांना तेव्हा सपाट, भरीव गिटारी हव्या असत. त्यांची वायर काढली की उरते नुसती फळी. तुमची वायरीशिवायही बोलायची. किती? पलीकडच्या खोलीत दोन माणसांनी आपसांत बोलावं, इतपत. तुम्हाला तेवढंच पुरत होतं, आणि आपलं सगळं भांडण त्या 'तेवढंच'वरून होतं.

पुढच्या वर्षी मीच माझ्या शाळेच्या पगारातून पंखा आणला. आणि रोज संध्याकाळी तुम्ही उठून तो बंद करायचात. कारण पंख्याच्या घरघरीत ती ऐकू येत नसे. पंख्याऐवजी आलेल्या वस्तूसाठी पंखा बंद करून घामाघूम बसणारी बाई जळगावात मी एकटीच असेन. बसत होते हे मात्र खरं. तक्रार करत बसायचे, पण उठून गेले नाही कधी.

तुम्ही जिनिंगमधून यायचात तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस असायचं. दिवसभर कापसाच्या ढिगातून चिमूट घ्यायची, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, आणि धागा किती लांब निघतो ते बघून माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे तुमचं काम. हातपाय धुऊन, चहा घेऊन तुम्ही उंबऱ्याशी पाट टाकून बसायचात. मी आत वांगी भाजत असायचे. सिनेमातलं गाणं वाजवा म्हटलं तर मुखडा सरळ वाजवायचात आणि मग मध्येच कुठल्या तरी गल्लीत वळायचात. मी आतून ओरडायचे, "अहो, अंतरा राहिला!" तुम्ही म्हणायचात, "येतोय, जरा फिरून येतोय." कधीकधी अंतरा दुसऱ्या दिवशी यायचा. भरताची वांगी त्या नादात कितीदा जास्त भाजली गेली, आणि धुराची चव लागते म्हणून तुम्हीच ती मिटक्या मारत खाल्लीत.

लाइट गेली की गल्लीतले रेडिओ बंद पडायचे, टीव्ही बंद पडायचे. लोक बाजा बाहेर टाकून वारा घ्यायला बसायचे. तुमचं मात्र काही अडत नसे. अशा वेळी समोरच्या ओट्यावरून कुणी म्हणायचं, "बापू, जरा मोठ्यानं!" सगळी गल्ली तुम्हाला बापूच म्हणायची. आणि तुम्ही म्हणायचात, "याच्यापेक्षा मोठ्यानं येत नाही भाऊ, तुम्हीच जरा हळू बोला." लोक खरंच हळू बोलायचे. मी अंधारात बसून विचार करायचे, ह्या माणसाला अख्खी गल्ली गप्प करता येते, मग हा अख्खं गाव का गप्प करत नाही?

तुमचे वडील, आबा, गेल्यावर तुमच्या आई, अक्का, शिरपूरकडचं घर बंद करून आपल्याकडे राहायला आल्या. त्यांना गिटारीपेक्षा तिच्या तारांचा राग जास्त. नव्या तारा मुंबईहून कुणी येणार असेल तरच यायच्या, म्हणून जुन्या, मळलेल्या तारा तुम्ही उकळत्या पाण्यात टाकून काढायचात, म्हणजे त्यांचा आवाज पुन्हा थोडा उघडतो. हे सगळं माझ्या चहाच्या पातेल्यात. अक्कांनी एकदा झाकण उघडून बघितलं आणि तुमच्याकडे बघत राहिल्या. "तारास्ना चहा पाजस का रे मले?" त्या म्हणाल्या. त्यानंतर किती दिवस त्या चहा घेण्याआधी पेल्यात डोकावून बघायच्या.

आणि त्याच अक्का श्रावण आला की धान्य निवडता निवडता कानबाई देवीची गाणी गुणगुणू लागायच्या. तुम्ही काही न बोलता गिटार घेऊन त्यांच्या मागे बसायचात. त्यांचा सूर गिटारीच्या दांडीवरच्या पट्ट्यांच्या मध्येच कुठे तरी लागायचा. तुम्ही तार बोटाने बाजूला ओढून तो गाठायचात. एकदा गाठला की तुमच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते मी कुठल्याही समारंभात पाहिलं नाही, आपल्या लग्नातही नाही. अक्कांनी त्याबद्दल कधी वाहवा केली नाही. त्या फक्त गाणं थांबवत नसत.

आता मुद्द्याला येते. प्रकाशभाऊंच्या. तुम्ही दोघं धुळ्याला कॉलेजात बरोबर होतात, गॅदरिंगला बरोबर वाजवलंत, आणि पुढे त्यांनी ऑर्केस्ट्रा काढला. लग्नं, गणपती, नवरात्र, धुळ्यापासून भडगावपर्यंत त्यांचे कार्यक्रम. त्यांनी तुम्हाला बोलावलं, आणि मी मागे लागले म्हणून तुम्ही एका रविवारी गिटार घेऊन तालमीला गेलात. मीही आले होते. स्पीकरच्या मोठ्या खोक्यासमोर तुम्ही उभे राहिलात, वायर लावली, आवाज चढवला आणि तुमची गिटार एकदम कोकलली. हात लावायच्या आधीच. कुंईऽऽ करून असा आवाज निघाला की ढोलकीवाल्याने कानांत बोटं घातली. आवाज कमी केला की बाकीच्या वाद्यांत ती हरवायची, वाढवला की बोंब. सगळे हसायला लागले.

प्रकाशभाऊ तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बापू, पोकळ शे भो ही. खोक्याचा आवाज तिच्या पोटात शिरतो नि घुमतो. हिले स्टेज मानवाव नही. माझ्याकडची भरीव गिटार घे, आजपासून तुझी."

तुम्ही नको म्हणालात. आणि परतीच्या बसमध्ये काय केलंत? झोपलात. निवांत. पारोळा येईस्तोवर घोरत होतात. परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा चेहरा होता तुमचा. मी खिडकीशी जळत बसले होते. इतकी वर्षं उकाड्यात बसून मी जे ऐकत आले ते चांगलं आहे, हे एकदा चार परक्या लोकांच्या तोंडून मला ऐकायचं होतं. यात माझा काय स्वार्थ होता? होता, थोडा होता. नवऱ्याचं कौतुक झालेलं कुठल्या बायकोला नको असतं?

तेव्हापासून तुमचं उत्तर ठरून गेलं. कुणी स्टेजचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, ती कोकलते हो, काय करणार? आणि हे कारण अक्कांनी तुमच्या हातातून काढून घेतलं.

त्या वर्षी घरात उंदरांनी उच्छाद मांडला होता. रेडिओच्या पाठीमागे त्यांनी घर केलं, माझ्या शालूची किनार कुरतडली. अक्कांची नजर गिटारीच्या फटींवर गेली. तुम्ही कामावर, मी शाळेत. त्यांनी गावाकडून आणलेल्या वातींच्या कापसाचं गाठोडं सोडलं आणि दोन्ही फटींतून चिमूट चिमूट करत गिटारीचं पोट गच्च भरून टाकलं. कुणाला सांगितलंही नाही, कारण घरातली भोकं बुजवली हे काय सांगायचं असतं? तुम्ही तेव्हा हंगामात होतात, रोज थकून यायचात, बरेच दिवस पेटी उघडलीच नव्हती.

आणि नेमके त्याच आठवड्यात प्रकाशभाऊ आले. जळगावात त्यांचा कार्यक्रम होता, सामानाची गाडी आपल्या दारात उभी. गंमत म्हणून त्यांनी एक खोका उतरवून घेतला. "आण रे तुझी बोंबलणारी," म्हणाले. तुम्ही वायर लावलीत. प्रकाशभाऊंनी आवाज चढवला, आणखी चढवला. आम्ही कान झाकून तयार बसलो. बोंब नाही. तुम्ही तार छेडलीत आणि खिडकीच्या काचा थरथरल्या, पण आवाज कसा निघाला! गोल, भरलेला, गोड. गल्ली दाराशी जमा झाली. तुम्ही स्वतःच दचकलात.

मग तुम्ही गिटार उलटीपालटी केलीत, फटीत डोकावलंत, बोट घातलंत आणि कापूस बाहेर ओढलात.

"मी ठोसा," अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "उंदीर घर करी ना तिन्हामा!"

तुम्ही सवयीने ती चिमूट दोन हातांत धरून ओढलीत, धागा डोळ्यांसमोर धरलात आणि म्हणालात, "अक्का, इतला लांब धागाना कापूस तू उंदीरसकरता घाली दिन्हा?" प्रकाशभाऊ हसता हसता खाली बसले. जे कुणा मिस्त्रीला सुचलं नाही ते अक्कांनी उंदरांच्या भीतीने केलं होतं. प्रकाशभाऊ निघताना म्हणाले, "वहिनी, आता हा सुटला तर बघा. येत्या कार्यक्रमाला बापू माझ्या स्टेजवर." मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तुम्ही उंबऱ्याशी बसलेले, मांडीवर गिटार, हातात माझी क्रोशाची सुई, आणि पुढ्यात कापसाचा ढीग. सगळा काढलात. शेवटच्या तुसापर्यंत.

मी पिशवी खाली ठेवून विचारलं, "हे काय चाललंय?"

"घरात वाजवून बघितली," तुम्ही म्हणालात. "वायरीशिवाय. काहीच बोलत नाही ती. कापूस घातला की स्टेजवर बोलते आणि घरात मुकी होते."

"मग कार्यक्रमापुरता घाला, आणि नंतर काढा!"

"गादी आहे का ती, घाल आणि काढ करायला?"

मग मी जे बोलले ते गल्लीने ऐकलं. जळगावची केळी दिल्लीला जातात, म्हटलं, आणि तुम्ही धुळ्यालाही जाणार नाही? पिकतं तिथे विकत नाही, हे कळत नाही तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "तुला आवडतं ना? मग लोकांचं काय लोणचं घालायचंय?" आणि मी म्हटलं, "तुम्ही भिता. सरळ सांगा ना, भिता म्हणून."

त्यावर तुम्ही गिटार उचललीत आणि वाजवायला लागलात. मला वाटतं, त्या दिवशी तुम्ही फार सुंदर वाजवलं असणार, पण मी रागाने भांडी घासत होते, मला काही ऐकू आलं नाही.

पुढे किती वर्षं हेच चाललं. गणपती आले की मी विषय काढायचे, लग्नसराई आली की काढायचे. प्रकाशभाऊंनी कीबोर्ड आणला, केबल टीव्ही आला, लोक ऑर्केस्ट्राला पूर्वीइतके येईनासे झाले, तरी मी हटले नाही. तुम्ही भीत होतात की खरोखर तृप्त होतात, एवढंच मला हवं होतं. भीत असलात तर मी हात धरून नेलं असतं. तृप्त असलात तर गप्प बसले असते. (बसले नसते कदाचित, पण प्रयत्न केला असता.) उत्तर तुम्ही दिलंच नाही. दर वेळी हसायचात आणि म्हणायचात, "बघू पुढच्या वर्षी."

तुमचं उत्तरकार्य होऊन काही दिवस झाले आणि प्रकाशभाऊ आले. पाणी प्यायले, तुमच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाले, "वहिनी, बापूच्या नावानं धुळ्यात एक कार्यक्रम करतोय. गिटार द्याल? मी वाजवतो. एकदाच."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. विचार केला नाही, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं जे मागत होते ते दारात चालून आलं होतं. अक्कांना विचारायला आत गेले. नवरा जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि ही ऑर्केस्ट्राला निघाली, असं लोक म्हणणार हे मला माहीत होतं. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या बहुतेक वेळ तशाच असतात. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "जाय तू," म्हणाल्या. "लोकेस्नं तोंड कोन धरी?"

कापूस मीच भरला. प्रकाशभाऊंना हात लावू दिला नाही. तुमच्या जिनिंगमधून तुमच्या हाताखालचा एकजण पिशवीभर उत्तम कापूस देऊन गेला. तो भरताना मला जरा मजाच वाटत होती. म्हटलं, बघू आता कोण काढतं.

धुळ्याचं मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत मी. प्रकाशभाऊंनी तुमच्याबद्दल चार शब्द सांगितले, त्यातले दोन खोटे होते, पण प्रेमाने सांगितले. मग त्यांनी गिटार गळ्यात घातली आणि अक्कांची ती कानबाईची चाल घेतली. ते ती तुमच्याकडून कधी शिकले कुणास ठाऊक. अहो, काय सांगू? बोंब नाही, खरखर नाही. तो आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला. मागे उभी माणसं बोलायची थांबली. बायकांनी ओळखलं, कानबाईचं आहे म्हणून, आणि गुणगुणायला लागल्या. संपल्यावर शिट्ट्या, टाळ्या, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. दोन-तीन गिटारवाले स्टेजवर चढून विचारायला लागले, कोणत्या कंपनीची आहे? तिचं डोकं निरखून बघत होते, पट्टी शोधत होते.

तेव्हा सांगते, तुम्ही चुकलात. साफ चुकलात. मी म्हणत होते ते शब्दाशब्दाने खरं होतं. तिला स्टेज मानवत होतं, लोकांना ती आवडली असती, तुम्ही आवडला असतात. मी जिंकले, अहो. आणि जिंकल्याबरोबर मी उजवीकडे वळले आणि म्हटलं, "बघितलंत?"

शेजारच्या खुर्चीवर प्रकाशभाऊंच्या बायको होत्या. त्या म्हणाल्या, "काय हो वहिनी?" मी म्हटलं, काही नाही.

खरं सांगायचं तर तिथून पुढचा कार्यक्रम मला आठवत नाही. तुम्ही हरलात आणि हरल्याचं तोंड दाखवायला समोर नाहीत, ह्याचा मला इतका राग आला की रडू फुटलं. लोकांना वाटलं, बाई भारावली. वाटू देत. माझ्याशी वाद घालायला तुम्ही हवे होतात. तुम्ही म्हणाला असतात, हो, पण तो आवाज आपला होता का? आणि मी म्हटलं असतं, कुणाचा होता मग? आणि आपण जळगाव येईपर्यंत भांडलो असतो.

सकाळच्या एसटीने परत आले. पेटी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, वर टाका ताई, सगळ्यांना अडचण होते. मी टाकली नाही. एरंडोलनंतर बस रिकामी झाली, मग त्यानेही नाद सोडला.

घरी आले, अक्कांना जेवू घातलं, त्या आत जाऊन झोपल्या. दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी पेटी उघडली आणि केसांतला आकडा काढून फटीतून कापूस ओढायला बसले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. वाद मी जिंकले होते, तसा तो काढायचं काही कारण नव्हतं. पण तो गच्च भरलेला बघवेना. चांगलाच रुतला होता, मीच तर ठासला होता. बऱ्याच वेळाने सगळा निघाला. मग गिटार मांडीवर घेतली आणि अंगठा तारांवरून एकदा फिरवला. वायर नाही, खोका नाही, काही नाही. जेवढा तिचा आवाज आहे तेवढाच झाला.

आतून अक्कांचा आवाज आला, झोपेतला.

"उना का रे बापू?"

माझा हात तारांवर तसाच दाबला गेला. धुळ्यात एवढं मैदान भरलं होतं, एवढ्या टाळ्या पडल्या, पण तुम्ही आलात असं तिथे कुणालाही वाटलं नव्हतं. मलासुद्धा नाही. आणि इथे पलीकडच्या खोलीत, झोपेत, एका तडाख्यात त्यांनी ओळखलं. मला तुमची फार आठवण आली, अहो. 

"नाही अक्का," मी म्हटलं. "मी आहे."

बाज करकरली. मला वाटलं, आता त्या रडतील, आता मला उठून जायला हवं. 

"मंग वाजाड ना," त्या म्हणाल्या. "थांबनी कसाले?"

मला वाजवता येत नाही. त्यांना ते माहीत आहे, आणि तुम्हाला तर चांगलंच माहीत आहे. तरी बसले वाजवत, त्यांना पुन्हा झोप लागेपर्यंत.